पहिलं रिव्हॉल्व्हर घेतलं, आता त्यावर काय काय चढवायचं?

केरीकर:
काल 'मांडवीकाठ' यांनी इथे गोव्यातल्या नव्या शस्त्रपरवानेवाल्यांना दिलेला सल्ला वाचला आणि जेवण गोड लागलं नाही. तो असा: "खडकीच्या सरकारी कारखान्यातल्या गोळ्या विसरा, बाहेरच्या होलो पॉइंट, म्हणजे लागल्यावर फुलणाऱ्या पोकळ टोकाच्या, मिळवा. ट्रिगर हलका करून घ्या. लेझर लावा. रात्री भरून उशाखाली ठेवा." कुणी पोरगा हे वाचून खरंच करायला गेला तर?

आधी गोळ्या. परवान्यावर नुसतं '.३२' असतं आणि नवा माणूस दुकानात जाऊन "३२ च्या द्या" म्हणतो. पिस्तुलाची .३२ एसीपी वेगळी, रिव्हॉल्व्हरची .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वेगळी. पहिलीत साधारण ७१ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) धातूच्या जाकिटातली गोळी, दुसरीत ९८ ग्रेनची शिशाची. घोळ असा की एसीपीचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत बऱ्याचदा बसतंसुद्धा, आणि त्याचा दाब जास्त असतो. माझ्या मामेभावाला दुकानदाराने हेच बांधून दिलं होतं. डबा मी उघडला म्हणून कळलं.

दुसरं, होलो पॉइंटच्या गप्पा मारणारे वर्षाला झाडतात किती? सहा. त्याही दसऱ्याला, शस्त्रपूजा झाल्यावर, आकाशात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे पूजा सांगणाऱ्या भटजींनाही सांगून ठेवा.

मांडवीकाठ:
केरीकर, तुमच्या गावात रात्री कुत्रं भुंकलं तर शेजारी चार बॅटऱ्या घेऊन येतात. पर्वरीत माझ्या मागच्या दाराची कडी दोघे जण उचकटत होते तेव्हा शेजारच्या फ्लॅटमधला एसीही बंद झाला नाही. हात थरथरत असताना तो फॅक्टरीचा ट्रिगर ओढून पाहा, मग मला शिकवा. ज्याचं जळतं त्याला कळतं.

जुना आर्मरर:
ओढलात का त्या रात्री?

मांडवीकाठ:
नाही. दिवा लावला, ओरडलो, पळाले.

जुना आर्मरर:
म्हणजे घर दिव्याने वाचवलं आणि सल्ला ट्रिगरचा. बरं.

हयातभर मी हत्यारं उघडून जोडली, म्हणून सांगतो. गावठी मिस्त्री ट्रिगर हलका करतो म्हणजे बहुतेक वेळा स्प्रिंग कापतो. घोडा मग प्राइमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर, पुरता आपटत नाही आणि नेमक्या वेळी 'टिक' होऊन राहतं. डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत घोडा उचलून सोडणारा, जड ट्रिगर हीच रिव्हॉल्व्हरची सेफ्टी, आणि ती उशाखाली हलकी करून ठेवायची? शिवाय विनापरवाना कारागिराकडून दुरुस्ती, फेरफार किंवा नळी आखूड करणं म्हणजे आर्म्स ॲक्टखाली सरळ गुन्हा. मागच्या महिन्यात एकाने मला 'सायलेन्सर बसवता येईल का' विचारलं. अहो, आवाज दाबणारी ती नळी कायद्याने स्वतःच 'फायरआर्म' आहे!

चढवायचंच असेल तर रबरी ग्रिप चढवा. डमी काडतुसं घालून, भिंतीकडे तोंड करून, रोज वीस वेळा रिकामा ट्रिगर ओढा. तीन महिन्यांत जड वाटायचा बंद होईल. फुकट अपग्रेड.

सालसेतकन्या:
ग्रिपवरून आठवलं. मी परवाना काढला तेव्हा दुकानापासून काकांपर्यंत सगळ्यांनी एकाच रिव्हॉल्व्हरचं नाव घेतलं, निर्भीक. "लेडीज आहे, हलकी आहे, पर्समध्ये मावते." २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून गाजावाजा करून काढली, अर्धा किलो वजन, सव्वा लाखाच्या आसपास किंमत. आधीच पगारात आमचं काय ते ठाऊक आहे, वर सव्वा लाख. आणि हलकं हत्यार हाताला जास्त झटका देतं, हे एकाही पुरुषाने सांगितलं नाही! मी जुनं, जड, सेकंडहँड घेतलं. काका अजून म्हणतात, "पुरुषी दिसतं गो."

सत्तरी बागायतदार:
तुमचं ग्रिप, लेझर, पर्स चालू द्या. आमची बंदूक वर्षातून किती महिने घरात असते ते कुणी विचारतं का? २०२२ ची विधानसभा फेब्रुवारीत, २०२४ ची लोकसभा मे महिन्यात. दोन्ही वेळा 'ठाण्यात जमा करा'. २०२४ ला आचारसंहिता १६ मार्चला लागली ती निकालानंतर उठली, ६ जूनला. काजू कधी असतात हो गोव्यात? माकडं काजूच्या बोंडूंवर बसून मतदानाची वाट बघत होती. केळीचा एक घड मी घरी आणला नाही.

मांडवीकाठ:
भाऊ, तुमच्या ठासणीच्या बंदुकांचा इथे संबंध नाही. वेगळा धागा काढा.

सत्तरी बागायतदार:
संबंध नाही? ठाणं एकच, हुकूम एकच. तुमचं पर्वरीचं रिव्हॉल्व्हर काय लॉकरमध्ये बसून मतदान करतं?

केरीकर:
बागायतदार, सरसकट जमा करा असं निवडणूक आयोगाचंही म्हणणं नाही. छाननी समिती असते. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची नोंद असलेले, दंगलीत सापडलेले, यांची हत्यारं मुख्यतः घ्यायची. सूट हवी तर अर्ज करायचा.

सत्तरी बागायतदार:
केला. उत्तर आलं तेव्हा पाऊस लागला होता.

केरीकर:
मान्य, पण खरं बोलू? प्रत्येक बंदूक माकडं हाकायलाच असते असं नाही. रात्री बॅटरी डोक्याला बांधून डुकराच्या मागे कोण जातं ते आम्ही केरीत राहून बघतो. आणि गवा तर आपला राज्यप्राणी. परवान्याची बंदूक असली तरी त्याला मारणं वन्यजीव कायद्यात मोठा गुन्हा आहे.

सत्तरी बागायतदार:
मला शिकारी म्हणालात? या राज्यप्राण्याने माझ्या तीस पोफळी आडव्या केल्या, मी ताटं बडवून त्याला हाकलला. बंदुकीला हात लावला नाही. लावायला ती होती कुठे, ठाण्यातच होती! उद्या या, पोफळी मोजा, मग बोला.

सालसेतकन्या:
केरीकर, हे जरा जास्त झालं.

केरीकर:
तुमच्याबद्दल नव्हतं म्हटलं. बरं, शब्द मागे. पोफळी मोजायला येतो, फेणी तुमची.

मांडवीकाठ:
आता जमा करण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०२४ ला माझंही गेलं होतं, चामड्याच्या होल्स्टरसकट. जूनमध्ये परत मिळालं तेव्हा होल्स्टरला पांढरी बुरशी आणि चक्रीवर लाल गंज. पुसला, पण खड्डे राहिलेत.

जुना आर्मरर:
हे आधी सांगायचं होतं, लेझरच्या आधी! गोव्यात पहिली खरेदी गंजाविरुद्धची. चामडं ओल धरून ठेवतं, त्यात हत्यार साठवायचं नाही. कोरडं कापड, पातळ तेल, डब्यात सिलिका जेल, पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा उघडून बघायचं. गोळ्यांना मात्र तेलाचा हात लागू द्यायचा नाही, तेल प्राइमरमध्ये शिरलं तर काडतूस मरू शकतं. शिशाची गोळी झाडली की नळीत शिसं चिकटतं, त्याला पितळी ब्रश. जमा करताना होल्स्टर घरी ठेवा, पावतीवर नंबर आणि अवस्था लिहून घ्या.

आणि सावंतवाडीच्या लग्नाला कमरेला लावून निघाला असाल तर आधी परवान्यावरचं क्षेत्र वाचा. नुसतं गोवा असेल तर पत्रादेवीची राज्यहद्द ओलांडलीत की तुम्ही आणि चोर एकाच रांगेत.

मांडवीकाठ:
सिलिका जेल आणतो. लेझर तुमच्या जिवासाठी रद्द. होलो पॉइंटबद्दल मात्र मत तेच आहे, फक्त मिळत नाहीत म्हणून गप्प बसतो.

आणि केरीकर, डबा उघडून पाहिला. एस अँड डब्ल्यू लाँगच आहेत. तुम्हाला आनंद मिळाला नाही याचं वाईट वाटतं.

केरीकर:
घेतल्या कधी? परवान्याच्या मागच्या पानावर दुकानाची नोंद असेल, तारखेसकट.

मांडवीकाठ:
बघतो.

मांडवीकाठ:
२००९.