मदत हवी आहे : समुद्राकाठच्या घरासाठी कसले दिवे लावावेत?

नमस्कार मंडळी. माझं माहेर खानापूर, सासर कारवारजवळ माजाळीला. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर.

फेब्रुवारीत एका पहाटे वाळूत बारीक बारीक पावलांच्या रेघा दिसल्या. कासवाची पिल्लं! पण रेघा पाण्याकडे न जाता आमच्या अंगणातल्या पांढऱ्या एलईडीकडे वळलेल्या. दोन पिल्लं तुळशीपाशी सुकून पडली होती. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी ४५ ते ६० दिवसांनी फुटतात. पिल्लं रात्री बाहेर येतात आणि उजळ क्षितिज म्हणजे समुद्र समजून चालू लागतात. चूक आमच्या दिव्याचीच.

आता दिवा बदलायचाय, पण सासूबाईंना रात्री अंगणात उतरावं लागतं, पूर्ण अंधार चालणार नाही. लाल किंवा पिवळसर-नारिंगी दिवे बेळगावात कुठल्या दुकानात मिळतील? खाली तोंड करून, वर झाकण घालून कुणी बसवलेत का? फोटो टाकाल का?

आणखी एक. जमीन वाळूची, मोरीचं साबणाचं पाणी थेट विहिरीकडे झिरपतं. केळी-अळूत सोडलेलं पुरतं का, की शोषखड्डा विहिरीपासून लांब घ्यावा? कोकणातल्या, गोव्यातल्या कुणी केलं असेल तर नक्की सांगा. डिसेंबरच्या आत काम उरकायचंय.