२६ जानेवारीचा फलक: झोजी लाचे रणगाडे

वाघमारे काका, बी-२०४: फलकावरची "१९४८ मध्ये विमानातून रणगाडे झोजी लावर उतरवले" ही ओळ काढा बरं. पाकिस्तानशी झालेल्या त्या युद्धात काश्मीर आणि लडाख यांच्यामधल्या या खिंडीपर्यंत रणगाडे जम्मूहून जमिनीवरून गेले. मुलांना तीच गोष्ट कळली पाहिजे.

स्नेहल, ए-१०१: काढते काका. पण खिंडीखालच्या बालटालच्या वर तर खेचरवाटच होती नं?

वाघमारे काका, बी-२०४: हो, तिथेच अडलं होतं. सप्टेंबरात ७७ पॅराशूट ब्रिगेडचे हल्ले फसले. समोर कड्यांतल्या मोर्च्यांत मशीनगन आणि खाली अरुंद वाट, पायदळाला आडोसाच नाही. खडकात दडलेली मशीनगन लांबच्या तोफेने सहज गप्प होत नाही, जवळून थेट गोळा लागतो. म्हणून जनरल थिमय्यांनी रणगाडे आणायचं ठरवलं.

राऊत भाऊजी, सी-४०३: ७ लाइट कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे हलके स्टुअर्ट रणगाडे. वजन साधारण १५ टन, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. जम्मू-श्रीनगर मार्गावरचे पूल एवढ्या वजनाचे नव्हते, म्हणून टरेट, म्हणजे तोफेसकटचं फिरतं डोकं, उतरवून वेगळं नेलं. भार कमी झाला, शिवाय ताडपत्रीखाली गाडी रणगाडा वाटेना. श्रीनगरातून जाताना संचारबंदी होती.

स्नेहल, ए-१०१: मग वरच्या वाटेचं काय केलं?

राऊत भाऊजी, सी-४०३: मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या अभियंता जवानांनी, सुरुंग लावून ती रुंद केली. माझ्या मते फलकावर सगळ्यात मोठं नाव त्यांचं हवं. अशी वाट दरीकडे भराव टाकून वाढवली तर कडेचा दगड सुटतो आणि साखळीपट्टा खाली घसरतो. डोंगराच्या अंगाला खडक फोडत जावं लागतं, आणि वळणावर जास्तच, कारण रणगाडा एक पट्टा रोखून वळतो, त्याने खालची जमीन खरवडली जाते. हे सगळं शत्रूच्या माऱ्यात. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाट तयार होती.

कुलकर्णी ताई, ए-३०२: तारीख २० ऑक्टोबर टाकू का?

वाघमारे काका, बी-२०४: नको ताई. २० ला बेत होता, पण हवामानामुळे पुढे गेला. हल्ला १ नोव्हेंबरला, दुपारी, बर्फात झाला. इतक्या उंचीवर रणगाडे येतील हे शत्रूच्या ध्यानीमनी नव्हतं. रणगाड्यांनी मोर्चे जवळून फोडले, मागून पायदळ गेलं, त्याच दिवशी खिंडीपलीकडची गुमरी हाती आली.

स्नेहल, ए-१०१: उंची ११,५७५ फूट लिहिलीय. बरोबर नं?

वाघमारे काका, बी-२०४: बरोबर. पुढे नोव्हेंबरातच द्रास आणि २३ तारखेला कारगिल परत मिळालं, तेही टाका. आणि लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांचं नाव राहिलंय, ७ कॅव्हलरीचे प्रमुख तेच होते.

कुलकर्णी ताई, ए-३०२: घेतलं. प्रिंटवाल्याकडे उद्या सकाळी जाईल, आज रात्रीपर्यंत सगळ्यांनी वाचून घ्या.

राऊत भाऊजी, सी-४०३: ताई, चित्रात सध्या टी-७२ आहे. १९४८ मध्ये तो जन्मलाही नव्हता, तिथे स्टुअर्टच लावा.