मदत हवी आहे: ओंटारियोत मोतीबिंदू, ओहिप आणि खाजगी क्लिनिक

मंडळी, आम्ही कॅनडात, ओंटारियोतल्या ब्रॅम्प्टनला असतो. सासऱ्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. ते पीआर (कायम रहिवासी) आहेत, ओहिप म्हणजे ओंटारियोच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड चालू आहे (सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर, आलेले नाहीत). फॅमिली डॉक्टरनी एका खाजगी क्लिनिकला रेफर केलं, 2023 च्या कायद्यापासून अशा क्लिनिकांचं काम वाढवलंय पण बिल सरकारच भरतं एवढं ठाऊक होतं. तिथे काउंटरवरच्या बाईंनी लॅमिनेट केलेलं लेन्सचं रेटकार्ड पुढे सरकवलं, म्हणाल्या भारीतली घेतलीत तर पुढच्या महिन्यात तारीख, साधी हवी तर "बघून कळवू". अहो, साधी लेन्स आणि ऑपरेशन ओहिपमध्ये आहे, आणि पैसे देऊन रांग मोडणं बेकायदा आहे ना? लेखी द्या म्हटलं तर टाळाटाळ. दुसरं रेफरल मागितलंय, अजून उत्तर नाही. पुण्यातला मेव्हणा म्हणतो पैसे फेका नि मोकळे व्हा. मला पटत नाही, पण इकडे सासऱ्यांना पेपर वाचता येईना. ओंटारियोच्या आरोग्य मंत्रालयाकडे तक्रार केली तर रांगेतला आहे तो नंबरही जातो का? कुणी केलीय का, आणि साध्या लेन्सवर तारीख कशी मिळवलीत?