ट्रेलर ओढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतोय, नेमकं काय करू?

चढणीचा_वाटसरू
नमस्कार मंडळी, पिकअप आहे, डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक, १,४०,००० किमी झालेत, जुनी घेतलेली, दोन वर्षं माझ्याकडे आहे. मागे ट्रेलरवर छोटा एक्सकॅव्हेटर असतो, ट्रेलर धरून २.८ टन. पुस्तकात ३.५ टन ओढायची परवानगी लिहिलीये म्हणून मी निर्धास्त होतो. गेल्या आठवड्यात भर दुपारी लांबलचक घाट चढत होतो, गिअर डी मध्येच, आणि गाडी सारखी पाचवा-सहावा पाचवा-सहावा करत होती, आरपीएमचा काटा नुसता वरखाली. वीसेक मिनिटांनी स्क्रीनवर गिअरबॉक्स ऑइल गरम झाल्याचा मेसेज आला, मी घाबरून कडेला घेतली आणि लगेच चावी फिरवून बंद केली. बाहेर उतरलो तर करपट वास. घरी येऊन डिपस्टिक काढली तर ऑइल लाल नाहीच, गडद तपकिरी.

आता प्रश्न असे की गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा मोठा कूलर लावला की भागेल का? ऑइल इतक्या किलोमीटरनंतर बदलायचं का? कारण एकानं सांगितलं की जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की तो बसतो, दुसरा म्हणतो हे ऑइल आयुष्यभराचं असतं, हातच लावू नको. आणि चालवताना मी काय चुकतोय? गाडीवर पोट आहे, गिअरबॉक्स गेला तर काम थांबेल, म्हणून जरा सविस्तर सांगा.

गिअर_आणि_ग्रीस
दादा, पहिलं म्हणजे वजनाचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि तापमान धरा. गिअरबॉक्सला मारतं ते तापमान. आणि ती उष्णता येते बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरमधून. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात ऑटोमॅटिकला मॅन्युअलसारखा क्लच नसतो, हा तेलानं भरलेला कन्व्हर्टर असतो, इंजिन ते तेल घुसळतं आणि त्या तेलाच्या जोरावर कन्व्हर्टरमधलं गिअरबॉक्सकडचं चाक फिरतं. घुसळण आली की घसर आली आणि जितकी घसर तितकी उष्णता. तुमचंच गणित करून बघा, गाडी आणि ट्रेलर मिळून साडेपाच टन धरा, शंभर मीटरला सहा मीटर चढ, वेग ६०, तर नुसतं वर चढायलाच ५० किलोवॅटच्या वर ताकद लागते, हवेचा विरोध वेगळा. त्यातली दहा टक्के जरी कन्व्हर्टरमध्ये वाया गेली तर पाच-सहा किलोवॅट, म्हणजे पाणी तापवायचे दोन-दोन किलोवॅटचे तीन गीझर तुमच्या त्या ऑइलमध्ये सोडल्यासारखं आहे.

यावर उपाय कन्व्हर्टरमध्येच दिलेला असतो, लॉकअप क्लच. तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ जोडले जातात, घसर जवळपास संपते आणि तापमान उतरायला लागतं. पण गाडी पाचवा-सहावा करत राहिली की प्रत्येक वेळी लॉक सुटतो, परत लागतो, परत सुटतो. तुमच्या घाटात नेमकं हेच झालंय.

लॉक लागलाय का ते सीटवर बसून कळतं. एकसारख्या वेगात अॅक्सिलरेटर अगदी थोडासा दाबा. आरपीएम लगेच दोन-तीनशेनं उडाला आणि वेग तिथल्या तिथेच असेल तर कन्व्हर्टर सुटलेला आहे. काटा आणि वेग दोन्ही बरोबरीनं हळूहळू चढले तर लॉक आहे. दोन-तीनदा करून बघितलं की पायाला सवय होते.

तर घाट लागायच्या आधीच, मध्यावर नाही, मॅन्युअल मोडवर घ्या आणि पाचवा नाहीतर चौथा धरून ठेवा. टो मोड, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीचा मोड, असेल तर तोही लावा, त्यात गिअर उशिरा बदलतात, नाचानाच कमी होते आणि उतारावर इंजिनचा ब्रेक मिळतो. वेग कमी करा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, उंच ट्रेलर असेल तर ११० आणि ९० यात जमीनअस्मानाचा फरक पडतो.

आणि आकडा बघायची सोय करा हो, मेसेज यायची वाट बघू नका. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लागणारा, छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवर अॅप, बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सचं तापमान दिसतं. ८० ते ९५ अंश म्हणजे छान. १०५ ला मी पाय हलका करतो. १२० च्या आसपास ऑइल जळायला लागतं, आत वार्निशसारखा थर धरतो, त्याच्याही वर सील कडक होतात आणि शेवटी क्लच प्लेटा जळतात.

एक चूक मात्र पुन्हा करू नका, गरम झाल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. कूलरमधून ऑइल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. कडेला घ्या, पी नाहीतर एन मध्ये टाका, इंजिन १०००-१२०० आरपीएमवर चालू ठेवा आणि आकडा खाली येईपर्यंत थांबा.

बरं, टायर कंपनीच्याच मापाचे आहेत का?

तेलकट_हात
माझं काम रोज हेच आहे, गिअरबॉक्स उघडायचं, त्यामुळे ऑइलचं मी सांगतो. आयुष्यभराचं ऑइल ही गोष्ट ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला लागूच होत नाही. पुस्तक उघडा, जड वापर म्हणून वेगळा तक्ता दिलेला असतो, तो तुमच्यासाठी आहे. ओढणाऱ्या गाडीला मी ४०-५० हजार किमीच्या आत बदला म्हणतो, आणि एकदा तापमान १२० अंशांपार गेलं असेल तर किलोमीटर मोजू नका, बदला.

ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो हे लोक का म्हणतात तेही सांगतो. लोक गिअर घसरायला लागल्यावरच ऑइल बदलायला येतात. प्लेटा तोवर गेलेल्याच असतात, नवीन ऑइल टाकल्यावर आठ दिवसांत बंद पडते आणि दोष ऑइलवर जातो. तुमचे गिअर अजून नीट लागत असतील तर बिनधास्त बदला. फक्त मशीननं प्रेशर देऊन फ्लश करू नका, खालून काढायचं आणि तेवढंच भरायचं. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते अर्धंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडी-थोडी गाडी चालवून मध्ये अंतर ठेवून तीनदा करा. ग्रेड पुस्तकात असेल तोच, डेक्सरॉन सहा म्हटलं असेल तर डेक्सरॉन सहा, मर्कॉन एलव्ही म्हटलं असेल तर तेच. सगळ्या गाड्यांना चालतं असं लिहिलेला डबा मी तरी जड कामाच्या गाडीत ओतत नाही.

ऑइल पॅन उतरवला की त्यातलं मॅग्नेट स्वतः बघा, दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नका. त्यावर राखाडी लेप असतो, बोटानं चोळला की मऊ, काजळासारखा, तो झिजेचा असतो, घाबरायचं काम नाही. बोटाला टोचणारे कण किंवा चकाकणारे तुकडे लागले तर मात्र मामला वेगळा आहे. फिल्टर बदला, आणि लेव्हल पुस्तकात दिलेल्या तापमानाला, सपाट जागेवरच बघा, थंड ऑइलवर बघून भरलं की हमखास जास्त भरलं जातं आणि मग फेस होतो.

कूलर लावा, पण प्लेटांचा, नळी आणि पत्र्याच्या जुन्या पद्धतीचा नको. रेडिएटरमधल्या मूळ कूलरमधून निघालेलं ऑइल या नव्या कूलरमध्ये आणि तिथून परत गिअरबॉक्सला, असा क्रम ठेवा. कडाक्याच्या थंडीत गाडी चालत असेल तर थर्मोस्टॅटवाला बायपास घ्या, तो थंड ऑइल कूलरमध्ये न नेता परत पाठवतो, फार थंड ऑइलही गिअरबॉक्सला नको असतं. बसवताना ब्रॅकेट करून बसवा. मी शिकत होतो तेव्हा एका गाडीचा कूलर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी थेट रेडिएटरच्या जाळीतून अडकवलेला बघितला, हादऱ्यांनी घासून घासून रेडिएटरलाच भोक पडलं होतं. पाइपही ऑइलसाठीचाच हवा, साधा रबरी नको.

आणि जुना रेडिएटर असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा. आतला कूलर फुटला की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल गुलाबी दुधासारखं दिसतं आणि प्लेटांवरचं अस्तर ज्या गोंदानं चिकटवलेलं असतं तो सुटतो. तसं दिसलं तर गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नका.

चढणीचा_वाटसरू
दोघांचेही मनापासून आभार. @गिअर_आणि_ग्रीस, टायर मोठे आहेत! आधीच्या मालकानं ३१ इंचाच्या जागी ३३ चे टाकलेत, मी कधी त्याचा विचारच केला नव्हता. आणि चौथ्यात ठेवलं की आरपीएम २८०० ला जातो, मन धजावत नाही, इंजिन खराब नाही ना होणार?

गिअर_आणि_ग्रीस
अहो मग तिथेच अर्धं उत्तर आहे. ३१ चे ३३ झाले म्हणजे प्रत्येक गिअर साधारण सहा टक्क्यांनी जड झाला. पुस्तकातला ३.५ टनाचा आकडा कंपनीच्या टायरवरचा आहे. एसएई जे२८०७ नावाचं एक मानक आहे, त्यात अमेरिकेतल्या डेव्हिस डॅम जवळच्या सुमारे १८ किमीच्या चढावर ३८ अंश उन्हाचा हिशोब धरून, एसी पूर्ण चालू ठेवून, मागे पूर्ण वजन लावून गाडी चढवतात. पण ती जशी कारखान्यातून निघाली तशी चढवतात.

२८०० ला इंजिनला काहीही होत नाही, उलट पाण्याचा पंप आणि ऑइलचा पंप जोरात फिरतात. जड गिअरमध्ये १५०० वर दाबून ओढायला लावणं हे इंजिनला आणि गिअरबॉक्सला दोघांना वाईट.

नावेची_ताई
मी बोट ओढते त्यामुळे एक गोष्ट राहिली ती सांगते. घाटाइतकाच त्रास रिव्हर्समध्ये होतो. उतारावर ट्रेलर मागे ढकलत वर चढवताना गाडी मुंगीच्या पावलानं हलते, लॉकअप लागतच नाही, आणि चार-पाच मिनिटांत माझा आकडा ८५ वरून ११० ला गेलेला मी बघितलाय, तेही सकाळच्या गारव्यात. फोर बाय फोर असेल आणि खाली माती, वाळू असं भुसभुशीत असेल तर लो रेंज, म्हणजे फोर बाय फोरचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर, लावा, कन्व्हर्टरवरचा भार एकदम हलका होतो. कोरड्या डांबरावर वळत-वळत मात्र ते करू नका, सगळी ड्राइव्हलाइन, म्हणजे चाकांपर्यंत ताकद नेणारे शाफ्ट वगैरे, पिळवटते.

आणि चढावर उभी करताना सरळ पी मध्ये टाकू नका. पायानं ब्रेक, मग एन, मग हँडब्रेक, मग पाय सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या आणि मगच पी. नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका बोटाएवढ्या खिट्टीवर येतं, निघताना तो धाडकन आवाज येतो ना, तो त्याचाच. ट्रेलरचे ब्रेकही तपासा, आणि हुकवर ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार येतोय ना तेही.

चढणीचा_वाटसरू
दीड महिन्यानं लिहितोय. आधी खर्च काहीच न करता फक्त स्कॅनर घेतला आणि तोच घाट, तेच वजन, पायथ्यापासून चौथा धरून ६० नं चढलो. सर्वात जास्त आकडा १०८, मेसेज आलाच नाही. मग ऑइल तीनदा बदललं, पहिल्यांदा निघालं ते जवळपास काळं होतं, तिसऱ्यांदा लालसर. मॅग्नेटवर मऊ लेपच होता, तुकडे नाहीत, तो बोटावर घेऊन चोळून बघेपर्यंत जिवात जीव नव्हता. टायर परत ३१ चे टाकले, प्लेटांचा कूलर ब्रॅकेटवर बसवला. काल त्याच घाटात, दुपारीच, ९६ च्या वर गेला नाही. पायाला लॉकअप पण कळायला लागलाय. ताई, हँडब्रेकचं केल्यापासून तो धाडकन आवाज पण बंद झाला.

आता एकच, रेडिएटर मूळचाच आहे, १,४२,००० झालेत. बदलून टाकू का?

तेलकट_हात
बदला. इतकं सगळं केलंय तर रेडिएटरच्या आतल्या त्या जुन्या कूलरच्या भरवशावर नवीन ऑइल ठेवू नका. आणि बदलताना जुन्याचा आतला कूलर हवा भरून पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे आले तर इथे फोटो टाका.