मदत हवी आहे: पिकअपला पाईपचा हौदा बांधला, पण केबिनमागचा सांधा टिकेना

आंबेवाला_दापोली

नमस्कार मंडळी. विषय लोखंडी आहे, पण इथे सगळ्या धंद्यातली माणसं आहेत म्हणून विचारतो.

पावसाळा संपता संपता एक वापरलेली पिकअप घेतली. पिकअप म्हटलं की डोळ्यांपुढे जी येते तीच, नऊ फुटी हौद्याची. आधीचा मालक हर्णै बंदरावरून मासळी वाहायचा. इंजिन खणखणीत, पाटे ठीक, पण बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं मुरून हौद्याच्या तळाची चाळण झालेली. स्वस्तात मिळाली ती त्यामुळेच. वास अजून येतो, तो वेगळा धागा काढतो.

मावसभाऊ खिडक्यांच्या ग्रिल आणि गेटं करतो. म्हणजे मशीन, कटर आणि हात घरचे. शिवाय आंब्याला चारी बाजूंनी वारा लागतो. म्हणून पत्रा बदलत बसण्यापेक्षा पूर्ण हौदाच चौकोनी पाईपचा बांधायचं ठरवलं.

जुना हौदा चेसीवरच्या (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरच्या) सहा ब्रॅकेटवर बसलेला होता, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. त्याच जागा धरून ५० बाय ५० च्या ३ मिमी पाईपचे दोन लांब पाईप टाकले. त्यावर ५० बाय ५०, २ मिमीचे सात आडवे. बाजू ४० बाय ४० च्या आणि प्रत्येक खणात एक तिरका पाईप. केबिनमागे त्याच पाईपची जाळी, तळाला ३ मिमी चेकर प्लेट. आधी वेल्डचे नुसते टाके मारले, दोन्ही कर्ण सुतासुतात जुळले तेव्हाच पूर्ण वेल्डिंग केलं. सहाही बोल्ट पान्याला पाईप लावून आवळले. धरून हलवलं तर गाडी हलते, हौदा नाही. दोघेही खूश.

बागेत उतरायला जांभ्यातली पाणंद आहे. मध्ये पावसाने खोदलेली घळ, ती तिरकीच ओलांडावी लागते. शेणखताच्या चार खेपा झाल्या आणि केबिनमागच्या डाव्या कोपऱ्यात, लांब पाईपला पहिला आडवा मिळतो तिथे सांधा उघडला. भराई केली. आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नवे रॉड आणून, करंट वाढवून भरलं. आता वेल्ड शाबूत आहे आणि चीर त्याला खेटून पाईपमध्ये पडली आहे. केसाएवढी, पण नख अडकतं.

भावाचं म्हणणं, पुढे चेसीलाच वेल्ड मारून टाकू, विषय संपला. मला धीर होत नाही. मार्चमध्ये वाशीच्या खेपा सुरू होतील. पाईप जाड करू? कोपऱ्यात गसेट (आधाराचा त्रिकोणी पत्रा) लावू? आणि पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, असा हौदा चालतो का?

फोटो चढवायला बघतोय, नेट साथ देईना.

देशावरचा_शेतकरी

५ मिमीचा पाईप टाका भाऊ, डोक्याला ताप नाही. आमच्या ट्रॉलीला तसाच आहे, दहा वर्षं झाली.

खडूस_वाचक

ग्रिलवाल्याकडून हौदा करून घेतला तर खिडकीसारखाच होणार ना. (हलके घ्या.)

हौदामिस्त्री

आंबेवाले, थांबा. ५ मिमी अजिबात टाकू नका आणि चेसीला वेल्ड तर मुळीच नको. बावीस वर्षं ट्रक-टेम्पोच्या बॉड्या बांधतोय, हे दुखणं ओळखीचं आहे. तुमच्या भावाचं वेल्डिंग वाईट नाही. उलट तुम्हीच लिहिलंत की शेवटची चीर वेल्डमध्ये नाही, शेजारच्या पाईपमध्ये आहे. म्हणजे वेल्ड धरून राहिला आणि पाईप वाकून वाकून थकला. तार पुढे-मागे वाकवून तोडतो तसं.

आता तो का वाकतोय ते बघा. पिकअपची चेसी म्हणजे शिडी. शिडी सरळ ओझ्याला मजबूत असते, पण दोन टोकं उलटसुलट पिळली तर पिळवटते, आणि तिने पिळवटावं अशीच ती केलेली असते. घळ तिरकी ओलांडताना एक पुढचं चाक वर, तिरक्या समोरच्या कोपऱ्यातलं मागचं चाकही वर, उरलेली दोन खाली. जुना पत्र्याचा हौदा त्याबरोबर कुरकुरत पिळायचा. तुमचा तिरके पाईप घातलेला पिंजरा पिळत नाही. चेसी म्हणते मी वळते, हौदा म्हणतो मी नाही, आणि दोघांना तुम्ही सहा ठिकाणी पान्याला पाईप लावून बांधलंय. भांडण सगळ्यात ताठ कोपऱ्यात निघणार. केबिनमागे जाळीमुळे तोच सगळ्यात ताठ.

खात्री करायची तर खर्च शून्य. सपाट जागी रिकामी गाडी आणा. पुढचे दोन बोल्ट दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सैल करा, काढू नका. उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक एकेका जांभ्याच्या चिऱ्यावर चढवा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा. गाडीखाली जायचं नाही, बाजूनेच बघायचं. पुढच्या ब्रॅकेटवर फट किती पडते ते कळवा.

आणि एक सांगा, वेल्डिंग गाडीवरच केलंत का? बॅटरीची वायर काढली होती?

आंबेवाला_दापोली

मिस्त्रीकाका, आज सकाळी केलं. चिरा आडवा ठेवला, साधारण सात इंच उंच. पुढच्या डाव्या ब्रॅकेटवर आणि पाईपमध्ये पेन्सिल सहज गेली, टेपने ९ मिमी. उजवीकडे फट नाही, घट्ट बसलेलं. चिऱ्यांवरून उतरवल्यावर फट गायब. मावसभाऊ उकिडवा बसून बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "आयला, गाडी वळतेय."

हौदा खाली जमिनीवरच बांधला होता. पण तिन्ही भराया गाडीवर केल्या आणि बॅटरी तशीच होती. काही बिघडलं असेल का?

अजून एक. बाजूचे काही पाईप जस्ताचे, म्हणजे जीआय वापरले, गंज नको म्हणून. त्या रात्री भावाला हुडहुडी भरून ताप आला, सकाळी उतरला. तो म्हणतो गूळ खायचा राहिला म्हणून.

हौदामिस्त्री

९ मिमी रिकाम्या गाडीला, मग माल भरून त्या घळीत किती वळत असेल विचार करा.

आधी भावाचं. तो जस्ताच्या धुराचा ताप. गूळ खा की दूध प्या, धूर छातीत गेला की येणारच. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर जस्त घासून काढायचं, उघड्यावर बसायचं, वारा पाठीकडून नाही तर बाजूने घ्यायचा, म्हणजे धूर तोंडासमोर घुटमळत नाही. आणि सांध्यावर नंतर झिंकचा प्रायमर, नाहीतर जिथे जस्त घासलं तिथूनच गंज धरतो.

बॅटरी: गाडी सुरू होते, चार्जिंग होतंय, मीटरवर दिवे पेटून राहत नाहीत, तर सुटलात. पुढच्या वेळी निगेटिव्ह काढायची आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या हातभर अंतरात, त्याच पाईपवर लावायचा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून, वायरिंगमधून वाट काढतो. डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाईप कुठून गेलेत तेही आधी हाताने चाचपून बघा.

आता हौदा. मागचे दोन बोल्ट तसेच घट्ट ठेवा. घाटात ब्रेक मारला की हौदा केबिनकडे सरकू बघतो, त्याला तेच धरून ठेवतात. मधल्या दोन्हींखाली अर्धा इंच जाड कडक रबर. खरं काम पुढच्या दोघांचं. तिथे १२ मिमीचा लांब बोल्ट, ८.८ ग्रेडचा (डोक्यावर तसा आकडा असतो, हार्डवेअरवाल्याला दाखवायला सांगा), आणि ब्रॅकेटच्या खालच्या अंगाला जाड कॉम्प्रेशन स्प्रिंग, वर-खाली वॉशर, शेवटी नायलॉक नट (हादऱ्याने सहसा न सुटणारा). स्प्रिंग इतकीच आवळायची की हौदा बसून राहील, पण अजून १५ मिमी दबायला जागा उरेल. चेसी वळली की पुढे हौदा उचलला जाईल, परत बसेल. पिळणार नाही.

केबिन आणि जाळीत किती अंतर आहे? चार बोटं तरी हवं. नाहीतर सांधा वाचेल आणि मागची काच जाईल.

चिरलेला तुकडा भरत बसू नका, वीतभर कापून नवा घाला. गसेट हवा असेल तर लावा, पण ४ मिमीचा त्रिकोण पाईपच्या बाजूला बसवा आणि त्याची टोकं निमुळती ठेवा. जिथे जाड एकदम संपतं तिथेच पुढची चीर येते. चेसीला वेल्ड का नको तर हेच. त्या टाक्याशेजारी चेसीच चिरली तर गाडी संपली. हौदा तुटला तर दुसरा बांधता येतो.

आणि प्रत्येक पाईपच्या सगळ्यात खालच्या जागी ६ मिमीचं भोक. वरून बंद दिसणाऱ्या पाईपातही पाणी जातंच, आणि तुमच्याकडच्या पावसात तो आतून सडतो. बाहेरून रंग चकचकीत, बोटाने दाबलं की आत.

नियमावर_बोट

पासिंगचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातल्या आणि उत्पादकाने दिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. त्यामुळे लांबी, रुंदी, उंची मूळ हौद्याइतकीच ठेवा, इंचभरही वाढवू नका. रिकाम्या गाडीचं वजनही आरसीवर असतं. हौदा चढवून गाडी वजनकाट्यावर घाला आणि ती पावती घेऊन सीझनच्या आधी आरटीओत जा. पासिंगच्या दिवशी खुलासा देण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. रिफ्लेक्टर पट्ट्या विसरू नका: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. पाईपच्या हौद्यावर त्या चिकटवायला सलग जागा नसते, म्हणून एक पत्र्याची पट्टी आधीच जोडून घ्या. फाळका (हौद्याचं मागचं दार) उघडला की मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकले जात नाहीत ना, तेही बघा.

चार_पैसे

वजनाचा विषय निघालाच आहे तर. ३ मिमी चेकर प्लेट चौरस मीटरला साधारण २६ किलो भरते. तुमचा तळ नऊ बाय साडेपाच धरला तर ४.६ चौरस मीटर, म्हणजे १२० किलो नुसता तळ. १८ मिमी मरीन प्लाय टाकलात तर साठाच्या आसपास. वाचलेल्या साठ किलोत आंब्याचे जवळजवळ तीन क्रेट बसतात, दर खेपेला. शिवाय दुपारी तापलेल्या लोखंडावर तळाचे क्रेट शेकत नाहीत. कडा मात्र रंगात बुडवून बंद करा, प्लाय कडेकडूनच फुगतो.

अवांतर: शेणखत आणि हापूस एकाच हौद्यात? मध्ये धुता ना?

आंबेवाला_दापोली

@चार_पैसे, धुतो हो! आणि प्लायचं पटलं. चेकर प्लेट काढली, ती गोठ्याच्या दारात टाकणार.

@नियमावर_बोट, माप मूळचंच आहे, उंची दोन बोटं जास्त निघाली. वरचा पाईप कापून खाली घेतला. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला फेरी आहे, तेव्हा काट्याची पावती घेऊन जातो.

@हौदामिस्त्री, केबिन आणि जाळीत जेमतेम दोन बोटं होती. जाळी मागे घेतली, त्यात एक आडवा पाईप वाया गेला. स्प्रिंगा खेडला मिळाल्या. काल पुन्हा चिऱ्यांवर चढवली, पुढे डावीकडे हौदा सुटा उभा राहिला आणि खाली आल्यावर टक् करून बसला. तो आवाज असाच राहणार का?

हौदामिस्त्री

राहील. स्प्रिंगवरच्या वॉशरखाली रबराची चकती घाला, कमी होईल. प्रत्येक नट आणि बोल्टवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. दोनशे किलोमीटरनंतर बघा आणि कळवा.

आंबेवाला_दापोली

उशीर झाला, मोहोरावर फवारणी चालू होती. घळीतून खताच्या अकरा खेपा झाल्या, दोनशेच्या वर किलोमीटर. कोपरा चुन्याच्या पाण्याने पुसून, वाळल्यावर उन्हात बघितला, चीर नाही. मागच्या डाव्या नटाची रेघ अर्ध्या सुताने सरकली होती, ती आवळून नवी ओढली. बाकी पाच जागच्या जागी.