टिंगल: मनापासून घडवलेलं पात्र की एका माणसाची चेष्टा?

कंदीलवाला
निन्टेंडोच्या 'झेल्डा' या व्हिडिओ गेम मालिकेचा विषय निघाला की टिंगलच्या नावाने नाकं मुरडली जातात. मला मात्र तो या मालिकेतला सर्वात नीट घडवलेला दुय्यम माणूस वाटतो, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितोय.

तो पहिल्यांदा आला २००० साली, निन्टेंडो ६४ या गेमिंग यंत्रावरच्या 'मेजोराज मास्क'मध्ये. ताकाया इमामुरा यांनी घडवलेला. पस्तिशीचा बाप्या, अंगाला घट्ट बसलेला हिरवा पोशाख, वरून लाल चड्डी, लालबुंद गोल नाक. लाल फुग्याला लटकून तो हवेत तरंगतो आणि वरून दिसेल त्या मुलखाचे नकाशे काढून विकतो. आपण फुगा फोडला की धपकन खाली पडतो. पण चिडत नाही. लिंकची, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाची, हिरवी टोपी आणि सोबतची परी बघून उलट हरखून जातो. मग सांगतो की पस्तीस वर्षं झाली तरी आपल्याकडे अजून परी आलेली नाही, आणि वडील म्हणतात, वयाला शोभेल असं वाग.

आता मालिकेतला १९९८ चा 'ओकारिना ऑफ टाइम' आठवा. जंगलातल्या प्रत्येक मुलाकडे परी, फक्त लिंककडे नाही, म्हणून मिडो नावाचा मुलगा त्याला घालूनपाडून बोलतो. मग एका सकाळी नावी ही परी येते आणि लिंकचं आयुष्य बदलतं. टिंगल म्हणजे ज्याच्या दारात ती सकाळ उजाडलीच नाही असा लिंक. त्याचे कपडे हिरवे आहेत ते उगाच नाही.

पाणकावळा
मांडणी आवडली, पण पटली नाही. तुम्ही म्हणता ते करुण असेल, तर त्याची रचना ते करुण वाटू का देत नाही? नाक, टोपडं, चड्डी, तो नाच, स्वतः रचलेला मंत्र म्हणत कागदाचे तुकडे उधळणं: प्रत्येक गोष्ट आपण हसावं म्हणूनच ठेवली आहे. आणि सर्वात खटकणारं म्हणजे त्याच्याशी बोलायचं तर आधी त्याला खाली पाडावं लागतं. दुसरा मार्गच नाही. एक माणूस आपल्या नादात वर तरंगतोय आणि खेळ आपल्या हातात नेम देतो. त्याचं नाव आपल्या भाषेत चेष्टेचा शब्द आहे हा निव्वळ योगायोग, पण माझा आक्षेप त्याच एका शब्दात मावतो.

शिडाचीदोरी
मला करुणा वगैरे काही वाटत नाही, मला त्याचा राग येतो. याच मालिकेतला 'विंड वेकर' खेळलेल्यांना कारण माहीत आहे. ट्रायफोर्स या जादुई त्रिकोणाच्या तुकड्यांचे आठ नकाशे, आणि प्रत्येकाचा उलगडा करायला टिंगल ३९८ रुपी (खेळातलं चलन) घेतो. ३,१८४ रुपी! कथा ऐन रंगात आलेली असताना समुद्रभर पैसे गोळा करत हिंडायचं. त्याला कैदेतून सोडवलं आपणच, आणि त्याची परतफेड ही. शिवाय बेटावर रंगीत कपडे घातलेली माणसं त्याच्या हुकमाने बुरूज गोल फिरवत राबतात. परीची आस धरून बसलेला भाबडा माणूस कुठे गेला? २०१३ च्या एचडी आवृत्तीत उलगडायचे नकाशे तीनवर आणले, म्हणजे करणाऱ्यांनाही ते जास्त झाल्याचं जाणवलं असणार.

कंदीलवाला
@शिडाचीदोरी, बुरुजाबाबत माझ्याकडे उत्तर नाही. तिथे चेहरा तोच ठेवून आतला माणूस बदलला, हे मलाही लागतं. पैशांचं मात्र वेगळं आहे. २००६ मध्ये जपानमध्ये निन्टेंडो डीएसवर टिंगलचा स्वतःचा खेळ आला, पुढच्या वर्षी युरोपात. त्यात तो आधी एक साधा माणूस असतो, रुपीच्या आमिषाने टिंगल बनवला जातो, आणि रुपी हाच त्याचा प्राण होतो. संपले की मेला. कुणाशी बोलायचं तरी घासाघीस. हावरटपणा तोच, पण तो आतून भोगायला लागतो. ते खेळल्यावर मला त्या ३९८ चा राग उरला नाही.

@पाणकावळा, 'मेजोराज मास्क'मधलं दलदलीतलं छायाचित्रांचं केंद्र विसरू नका. ते चालवणारा माणूस म्हणजे टिंगलचा बाप, मुलाने वयाला शोभेल असं वागावं म्हणणारा. त्याच्या स्पर्धेत टिंगलचा फोटो नेऊन दाखवा. लिंकची प्राणशक्ती वाढवणारा हृदयाचा तुकडा मिळतो, म्हणजे तिथलं मोठं बक्षीस. नुसती चेष्टाच करायची असती तर हे कुणी लिहिलं नसतं.

उंबरठा
मध्येच बोलतो. फुग्याकडे खेळाच्या अंगानेही बघा. निन्टेंडो ६४ च्या धूसर पडद्यावर लांबूनसुद्धा तो लाल ठिपका ओळखू येतो. वर पाहिलं की कळतं, इथे नकाशा मिळेल. पाटी नको, बाण नको. पात्राचा नाद आणि त्याचं काम एकाच वस्तूत बसवणं फार थोड्यांना जमतं.

पाणकावळा
बक्षिसाचं मान्य. ते मी विसरलो होतो, आणि आता डोक्यातून जाणार नाही. पण तो क्षण एका कोपऱ्यात दडलेला आहे, कित्येक जण तिथे दुसराच फोटो नेतात. चड्डी आणि नाक मात्र प्रत्येकाला दिसतं. रचनेचं माप मी समोर दिसतं त्यावरून घेणार, शोधल्यावर सापडतं त्यावरून नाही.

कंदीलवाला
मग समोरचंच बघू. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या नंतरच्या झेल्डा खेळाच्या २०१७ च्या पुरवणीत टिंगलचा पोशाख मिळतो. तो घालून गावात शिरा. काल ज्यांची कामं करून दिली तीच माणसं तुम्हाला बघून दचकतात. आत लिंकच आहे, फक्त कपडे टिंगलचे. टिंगल तिथे नाही, नाक नाही, नाच नाही. एकदा करून बघा आणि इथे येऊन सांगा, हसू आलं की वाईट वाटलं.