एचएलए जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही

वर एकांनी लिहिलंय की सख्ख्या भावाची किडनी मिळाली, एचएलए (शरीर आपलं-परकं ज्यावरून ओळखतं त्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळलं, आता आयुष्यभराची निश्चिंती. इतकं सरळ नसतं हो. 1954 साली बोस्टनमध्ये पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांत. शरीराने किडनी नाकारायचा प्रश्नच नव्हता, तरी घेणारा भाऊ आठेक वर्षंच जगला.

आणि औषध पचवणारी जनुकं वेगळीच. आमच्या दादाचंच सांगते. किडनी बदलल्यावर त्याला टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायचं औषध) वजनाच्या हिशेबाने दिलं, पण रक्तातली पातळी वरच येईना. दर आठवड्याला डोंबिवलीहून पहाटेची लोकल, सकाळची गोळी डबीत तशीच, कारण रक्त आधी द्यायचं. लॅबबाहेरच्या बाकावर वहिनी घड्याळ बघत बसायची. 'गोळ्या चुकवता का?' असं दोनदा विचारलं गेलं, तेव्हा दादा भडकलाच. शेवटी सीवायपी3ए5 या जनुकाची तपासणी झाली. त्याचं यकृत आणि आतडी औषध झपाट्याने मोडत होती! अशांना सुरुवातीचा डोस साधारण दीड ते दोन पट लागतो. डॉक्टरांनी वाढवला, मग पातळी बसली.

(गणपतीतलं पपनस मात्र बंद. त्याने पातळी उलट चढते.)